पाच जणांसाठी गीझर किती लिटरचा?

प्रश्न : घरात पाच जण, सकाळी आंघोळी पाठोपाठ. २५ लिटरचा स्टोरेज गीझर पुरेल का?

उत्तर : नाही पुरणार हो, ५० चाच घ्या. हिशोब असा की ६० डिग्रीच्या २५ लिटरमधे २० डिग्रीचं गार पाणी मिसळलं तर ४० डिग्रीचं जेमतेम ५० लिटर होतं, म्हणजे तीन बादल्या, आणि २ किलोवॅटवर टाकी परत तापायला ३५-४० मिनिटं जातात, तोवर उरलेल्या दोघांनी काय करायचं? मॅग्नेशियमचा रॉड सहज बदलता येतो का हे दुकानात नक्की विचारा, तो स्वतः झिजतो आणि टाकीला गंजू देत नाही. अर्थिंग आणि प्रेशरचा सेफ्टी व्हॉल्व्ह यात मात्र अजिबात तडजोड नको, घरात लहान मुलं असतील तर अजिबातच नको.