करंड्याला 'बॉक्स' म्हणायचं का?

प्रश्न : ताई नमस्कार. मी मूळचा बार्शीचा, पुण्यात इंग्रजीत एमए केलं आणि ऑगस्टपासून इकडे अमेरिकेत, मिडवेस्टातल्या एका युनिव्हर्सिटीत कवितेचं एमएफए करतोय, म्हणजे कविता लिहायचीच पदव्युत्तर पदवी, दोन वर्षांची. दर मंगळवारी तीन तास वर्कशॉप असतं, एकमेकांच्या कवितांवर चर्चा करायची, टेबलाभोवती आम्ही ११ जण, आणि ज्याची कविता त्याने तोंड उघडायचं नाही असा नियम. गेल्या आठवड्यात माझा नंबर होता. कविता आजीच्या फणीकरंड्याच्या पेटीवर आहे, त्यात 'करंडा' हा शब्द मी तसाच ठेवला होता. २० मिनिटं त्या एका शब्दावर गेली! एक म्हणाला तळटीप दे, एक म्हणाली तिरप्या टाइपात टाक, एकाने तर खोडून वर 'बॉक्स' लिहून दिलं. शेवटच्या चार ओळींबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही, मी आतल्या आत धुमसत बसलो. वर फर्स्ट इयरच्या २२ पोरांना निबंधलेखन शिकवतो, त्यांचे गठ्ठे तपासतो, आणि तीन महिन्यांत मराठीत एक ओळ सुचलेली नाही. आई दर रविवारी फोनवर विचारते, पुढे काय. सोडून परत येऊ का? कविता सोबत पाठवतोय. — स. क.

उत्तर : अरे, आधी सांग जेवतोयस ना नीट? चेष्टा नाही करत, नोव्हेंबरात घड्याळं मागे गेली की तिकडे पाचच्या सुमारास अंधार पडायला लागतो आणि त्या अंधारात घेतलेल्या निर्णयांवर माझा अजिबात विश्वास नाही. मीही वीसेक वर्षांपूर्वी असल्याच एका टेबलाशी बसलेले आहे आणि पहिल्या नोव्हेंबरात तीनदा तिकिटाचे भाव बघून झाले होते.

कवीने गप्प बसायची ही रीत आयोवा युनिव्हर्सिटीमुळे रुळली. तिथलं रायटर्स वर्कशॉप १९३६चं, तिथून शिकून गेलेल्यांनी पुढे गावोगावी असेच कोर्स काढले आणि सोबत हा नियमही नेला. मागचा विचार असा की कविता छापून आली की तू काही वाचकाच्या शेजारी बसून समजावणार नाहीस. ठीक आहे, पण त्या टेबलावरच्या सगळ्यांच्या आज्या सारख्याच होत्या असं गृहीत धरलं तरच हे नीट चालतं. हल्ली बरेच शिक्षक कवीला आधी दोन प्रश्न मांडू देतात, तुझ्या सरांना ऑफिस अवर्समध्ये, म्हणजे त्यांच्या भेटायच्या वेळेत, जाऊन सरळ विचार, फार तर नाही म्हणतील.

आता करंडा. 'बॉक्स' नको, तळटीपही नको आणि तिरपा टाइप तर मुळीच नको, तुझ्या घरात तो शब्द कधी तिरपा नव्हता. कवी आघा शाहिद अली आठव, काश्मीरचा माणूस, १९८५ला ॲरिझोनातून एमएफए केलं आणि नंतर अमेरिकन कवींनाच ठणकावून सांगत राहिला की गझल लिहायची तर रदीफ-काफिया, म्हणजे शेराच्या शेवटी परत येणारे शब्द आणि त्यांच्या आधीचं यमक, पाळा. त्याने आपलं सोपं करून दिलं नाही, समोरच्यांना शिकायला लावलं.

पण एक बोलते, राग मानू नकोस. तुझी कविता मी तीनदा वाचली आणि तिच्यात मेण कुठेच नाहीये. आजी आधी मधल्या बोटाने कपाळावर मेण टेकवायची ना, मग त्यावर कुंकू दाबायचं, मग पेटीच्या झाकणातल्या आरशात मान जरा तिरकी करून बघायचं? हे कवितेत असतं तर करंडा म्हणजे काय हे त्या 'बॉक्स' लिहिणाऱ्या पोरालाही कळलं असतं, न विचारता. ते त्या शब्दाला अडले कारण बघायला दुसरं काही तू ठेवलंच नव्हतंस. आणि त्या शेवटच्या चार ओळी, ज्यांच्यावर कुणी बोललं नाही, त्यांत आजी किती एकटी होती ते तू समजावून सांगितलंयस, म्हणजे तळटीप तूच देऊन ठेवलीस की. त्या काढ आणि बघ.

वर्कशॉपमध्ये इतरांनी शेरे मारून परत दिलेल्या तुझ्या कवितेच्या कॉप्या त्या रात्री वाचू नकोस, शुक्रवारी वाच. माझ्या एका कॉपीवर फक्त कॉफीचा डाग होता आणि एका ओळीखाली पेन्सिलीची रेघ, बाकी काही नाही. सगळ्यात कामाची तीच निघाली.

मराठी सुचत नाही कारण दिवसभर ती कानावरच पडत नाही, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. कवी दिलीप चित्रे आयुष्यभर मराठी-इंग्रजी दोन्ही भाषांत लिहीत राहिले, एक भाषा आली म्हणून दुसरी उठून गेली नाही. आई रविवारी 'पुढे काय' म्हणाली की तू तिला उलट विचार, पेटीच्या खालच्या खणात काय असायचं, आणि फोन रेकॉर्डिंगला लाव. बघ किती वेळ बोलते ती.

पुढचं खरं सांगायचं तर एमएफएवर कॉलेजात शिकवता येतं, पण कवींसाठी कायमच्या जागा मोजक्या, बरेच जण सेमिस्टरच्या कॉन्ट्रॅक्टवर असतात. तरी मधेच सोडू नकोस, व्हिसाची भानगड होते आणि ती २२ पोरंही अर्ध्यात लटकतील. मे महिन्यात उजेड असताना ठरव.

प्रश्न : मलाही असं एमएफए करायचंय, घर तारण ठेवून कर्ज मिळतंय. घेऊ का? चित्रे पण आयोवालाच शिकले ना? — एक वाचक, लातूर

उत्तर : नाही आणि नाही. चित्रे १९७५मध्ये गेले ते आयोवाच्याच इंटरनॅशनल रायटिंग प्रोग्रॅमला, ती लिहित्या लेखकांसाठीची फेलोशिप, पदवी नव्हे. आणि कवितेच्या पदवीसाठी घर तारण? फी माफ करून वर स्टायपेंड देणारे कोर्स आहेत, टेक्सासमधल्या ऑस्टिनचं मिचनर सेंटर घ्या, मिशिगन युनिव्हर्सिटी घ्या, फक्त तिथेच अर्ज करा. जागा अगदी थोड्या असतात, पहिल्या वर्षी नकार आला तर पुढच्या वर्षी परत टाका. स्टुडंट व्हिसावर सेमिस्टर चालू असताना आठवड्याला २० तासांच्या वर काम करता येत नाही, तेही कॅम्पसवरच, त्यामुळे 'तिकडे जाऊन फेडू' हे डोक्यातून काढा. अर्ज साधारण डिसेंबर-जानेवारीत जातात, सोबत दहाएक पानं कविता मागतात. ती दहा पानं आत्ता तयार आहेत का तुमच्याकडे?