डायबेटिसवाली बार्बी घ्यावी का?

ताई, लेकीला टाइप १ डायबेटिसवाली बार्बी घ्यायची म्हणताय, तर घ्या, पण फार आशा ठेवू नका. बार्बी बनवणाऱ्या मॅटेल कंपनीने ती जुलै २०२५ मध्ये आणली. दंडावर साखर मोजणारा ग्लुकोज सेन्सर, कमरेला शरीरात इन्सुलिन सोडत राहणारा पंप, निळे ठिपक्यांचे कपडे. बाहुलीलाही आपल्यासारखंच आहे म्हटल्यावर पोरगी खुलते, हे खरं. पण सोलापुरात पंप किती घरांत असतो हो? आपलं इन्सुलिन टोचायचं पेन नाहीतर सिरिंज. मग "मला तसला का नाही?" हा प्रश्न येणारच, उत्तर आधीच ठरवून ठेवा.

मला विचाराल तर साधी कापडी बाहुली बरी. औषध पाजायची, सुई नसलेली सिरिंज हातात द्या. आज पोट, उद्या मांडी, अशी जागा बदलत बाहुलीला टोचू दे. तेवढ्यानं स्वतःच्या वेळची रडारड कमी होते.

पाहुण्यांपुढे "ही हिच्या आजाराची बाहुली" असं कुणी म्हणालं, तर तिथेच अडवा. जागृती मोठ्यांची करायची, तिचं ओझं पोरीच्या खेळण्यावर कशाला? आणि गड्ड्याच्या यात्रेला निघताना साखर उतरली तर लागणारी ग्लुकोजची पूड बार्बीच्या नाही, तुमच्या पर्समध्ये हवी.