न बोलावता जा

प्रश्न : आम्ही दोघी मैत्रिणी आंजर्ल्याच्या, शेजारशेजारच्या घरांतल्या. माझी आई मी सहा वर्षांची असताना गेली, तिची त्याच्या दोन वर्षं आधी. आता मी दापोलीला, ती डोंबिवलीला. गेल्या आठवड्यात तिचं गर्भाशय काढलं, हे मला बाजारात तिसऱ्याच बाईकडून कळलं. मी इतकी परकी झाले का? मिस्टर म्हणतात, बोलावल्याशिवाय जायचं नाही.

उत्तर : तुमचं लांबलचक पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा मलाही तिचा रागच आला. दुसऱ्यांदा त्या लुगड्यापाशी अडकले. तुम्हाला पाळी आली तेव्हा घरात सांगायला बाईमाणूस नव्हतं. तुम्ही गोठ्यामागे रडत बसलात. तिने ट्रंकेत जपलेलं आपल्या आईचं लुगडं काढलं, टरकन फाडलं आणि घडी कशी घालायची ते दाखवलं. तेव्हा ती चौदाची. तिला स्वतःला ते कोणी दाखवलं होतं, हे कधी विचारलंत का?

बहुतेक कोणीच नाही. आई असलेली पोर जरा खरचटलं तरी भोकाड पसरते, कारण ऐकणारं कोणी आहे हे तिला ठाऊक असतं. तुमच्या मैत्रिणीने ताप अंगावर काढत धाकट्या भावांना पेज करून घातली. आपलं दुखणं म्हणजे दुसऱ्याला ताप, हे तिच्या अंगात तेव्हापासून मुरलंय. साठीला आलेल्या बाईची ही खोड एका फोनने जाणार नाही. तुम्हाला टाळण्यासाठी तिने लपवलं असं मला वाटत नाही. तिला बोलावताच येत नाही.

आणि तुम्ही तरी काय वेगळ्या? गेल्या गणपतीत ती आली तेव्हा साखर वाढल्याचं तिच्यापासून लपवून मोदक खाल्लेत, हे तुम्हीच लिहिलंय. (मोदकांचं मी समजू शकते, लपवण्याचं नाही.)

मिस्टरांचं सोडा. तुमच्या दोन्ही बाळंतपणांत ती तुमच्याकडे सव्वा महिना राहिली. बाळंतिणीला शेक दिला, अळिवाची खीर केली. तेव्हा तिला कोणी अक्षता दिल्या होत्या?

या ऑपरेशननंतर जड उचलायला साधारण सहा आठवडे मनाई असते. पाण्याची बादली नाही, कुकर नाही, गादी ओढणं नाही. मुलगा-सून दिवसभर कामावर, म्हणजे ती हे सगळं गुपचूप करत असणार. ‘काही लागलं तर सांग’ असं फोनवर म्हणू नका. ती ‘काही नको गं’ म्हणेल आणि तुम्ही पुन्हा दुखावून बसाल. सरळ गाडीत बसा आणि दिवा स्टेशन आलं की तिला कळवा.

दारात उभ्या राहून रागावू नका. भांडायचं तर टाके भरल्यावर भांडा, सणसणीत भांडा, तो तुमचा हक्क आहे. आधी तिची वेणी घाला. पडवीत बसून एकमेकींच्या घालायचात ना, तशी.

बरोबर कुळथाचं पीठ घ्या, आमसुलं घ्या. तुमचं एखादं धुऊन मऊ झालेलं सुती लुगडंही घ्या, पांघरायला होईल. आणि आठवणीने साखरेच्या गोळ्या, तिच्यासमोरच घ्यायच्या. दिवा पॅसेंजरला खेडला चढायला गर्दी असते, तेव्हा दापोलीहून जरा आधीची एसटी धरा.