आयटीआयमधल्या रेफ्रिजरेशन-एसीच्या निदेशकाने स्वतःला अद्ययावत कसं ठेवावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तालुक्याच्या सरकारी आयटीआयत रेफ्रिजरेशन-एसीचा ट्रेड शिकवता, सीआयटीएस (निदेशकांचा प्रशिक्षण कोर्स) झालेलं आहे, वर्कशॉपमध्ये जुने विंडो एसी आणि आर-२२ या जुन्या एसी गॅसचं सिलिंडर आहे, आणि पोरं इन्व्हर्टर एसीचं काही विचारायला लागली की पंचाईत होते. तर आता कुठला कोर्स करावा?

मी याच ट्रेडला निदेशक आहे आणि त्याआधी सर्व्हिस लाईनमध्ये होतो. माझं मत सरळ सांगतो. कोर्स कराच, पण त्याआधी यंदाच्या सिझनमध्ये चालू कामावर जाऊन उभे राहा. फिटर किंवा वेल्डरच्या निदेशकाने दहा वर्षं वर्कशॉपबाहेर पाऊल टाकलं नाही तरी त्याचं बरंचसं ज्ञान शाबूत राहतं. आपलं राहत नाही, कारण आपल्याकडे गॅस बदलला की तेल, प्रेशर, हत्यारं आणि सुरक्षेचे नियम सगळंच बदलतं.

आर-२२ चंच बघा. ओझोन वाचवण्याच्या माँट्रियल कराराखाली आपल्याकडे १ जानेवारी २०२५ पासून नवं उपकरण बनवताना एचसीएफसी (आर-२२ ज्यात मोडतो तो ओझोनला मारक गॅसांचा गट) वापरायला बंदी आली. २०३० नंतर जुन्या मशिनांच्या दुरुस्तीपुरता जरासा कोटा उरेल, तोही २०४० पर्यंत. आर-२२ च्या जागी आलेले आर-४१०ए आणि आर-३२ हे एचएफसी गटातले गॅस ओझोनला धक्का लावत नाहीत, पण पृथ्वी तापवतात: आर-४१०ए चा तापमानवाढीचा आकडा (कार्बन डायऑक्साइडच्या किती पट) २०८८, आर-३२ चा ६७५. म्हणून २०१६ मध्ये किगालीत त्याच करारात दुरुस्ती झाली, भारताने ती २०२१ मध्ये मान्य केली. आपल्याला २०२८ मध्ये एचएफसीचा वापर गोठवायचा आहे आणि २०३२ पासून कमी करत जायचं आहे. म्हणजे आज तुमच्यासमोर बसलेला पोरगा तिशीत पोचेपर्यंत आर-३२ देखील उतरणीला लागलेला असेल. हा सगळा हिशेब फळ्यावर मांडायला अर्धा तास पुरतो, आणि पोरं तो कान देऊन ऐकतात, कारण प्रश्न त्यांच्या पोटापाण्याचा आहे.

आता हाताच्या कामाकडे येतो, कारण खरी मेख तिथे आहे. आपली पिढी प्रेशर बघून गॅस भरायला शिकली. आर-२२ ला सक्शन (कॉम्प्रेसरकडे परत येणाऱ्या गॅसचं प्रेशर) साठ-सत्तर पीएसआय दिसलं, पाईपला गारवा आला, की झालं काम. आर-३२ ला तोच आकडा एकशेवीसच्या आसपास असतो, एवढं पाठ करून पुष्कळ जण निभावून नेतात. पण इन्व्हर्टर मशिनमध्ये कॉम्प्रेसरचा वेग सतत बदलतो, त्याबरोबर प्रेशर हलतं, आणि गेजवरून अंदाज बांधणं फसतं. तिथे एकच मार्ग: लाईन रिकामी करा, व्हॅक्युम काढा आणि नेमप्लेटवर जितके ग्रॅम लिहिलेत तितके काट्यावर मोजून भरा. पाईप ठरलेल्या लांबीपेक्षा जास्त असेल तर दर मीटरला कंपनीने सांगितलेलं वजन वाढवा. आर-४१०ए मिश्रण आहे, तो सिलिंडरमधून द्रवरूपातच काढायचा, नाहीतर घटकांचं प्रमाण बिघडतं.

व्हॅक्युमचंही तसंच. कंपाउंड गेजचा काटा तीस इंचावर टेकला म्हणजे ओलावा गेला असं नव्हे. पाचशे मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन म्हणजे व्हॅक्युम मोजायचं बारीक माप) उतरलंय का आणि पंप बंद केल्यावर टिकतंय का, हे मायक्रॉन गेजशिवाय कळत नाही. नव्या गॅसबरोबर कॉम्प्रेसरमध्ये येणारं पीओई हे कृत्रिम तेल हवेतला दमटपणा झपाट्याने शोषतं, म्हणून याला पूर्वीपेक्षा जास्त महत्त्व आलंय. पाईपमधून नायट्रोजन सोडत ब्रेझिंग करणं (टॉर्चने जोड देणं) हीही आपल्या वर्कशॉपमध्ये बहुतेक वेळा टाळली जाणारी गोष्ट. एकदा नायट्रोजनशिवाय केलेला जोड उभा कापा आणि आतली काळी पापुद्री पोरांना दाखवा. तीच पापुद्री पुढे जाऊन कॅपिलरी (गॅसची बारीक नळी) तुंबवते.

आर-२९० म्हणजे प्रोपेन. त्याचे स्प्लिट एसी गोदरेजने आपल्याकडे २०१२ मध्येच आणले. हवेपेक्षा जड, त्यामुळे खोलीत खाली साचतो, आणि हवेत सुमारे दोन टक्के झाला की ठिणगी पुरे. हे शिकवायचं असेल तर आधी वर्कशॉपची हवा खेळती आहे का, जमिनीलगतची झरोकी उघडी आहेत का, आणि जवळ उघडे स्विच किती आहेत ते तपासा. ज्वलनशील गॅसच्या लाईनवर टॉर्च लावायच्या आधी गॅस काढून नायट्रोजनने लाईन धुवायची, हा क्रम हाताच्या सवयीत बसेपर्यंत घोटून घ्यायचा. आणि लीक टेस्टला ऑक्सिजन कधीच नाही, तेलाशी गाठ पडली की स्फोट होतो. हे सगळ्या पुस्तकांत आहे, तरी साईटवर आजही लोक शॉर्टकट मारतात.

इन्व्हर्टरची भीती मात्र लवकर जाते. साध्या सिंगल फेज कॉम्प्रेसरला आपण कॉमन, स्टार्ट, रन ही तीन टर्मिनलं शोधतो. इन्व्हर्टरच्या तीनही टर्मिनलांत कुठल्याही जोडीचा ओहम सारखाच यायला हवा. त्याला थेट सप्लाय देऊन बघायचं नाही, एवढं पक्कं ठेवा. पीसीबीवरच्या (इलेक्ट्रॉनिक बोर्डावरच्या) मोठ्या कपॅसिटरमध्ये सप्लाय बंद केल्यावरही तीनशेच्या वर डीसी व्होल्ट राहू शकतात, म्हणून आधी मीटर, मग हात. सेन्सरसाठी एक सोपा प्रयोग सांगतो, पोरांना फार आवडतो. बहुतेक ठिकाणी रूम सेन्सर २५ अंशाला दहा किलोओहमचा असतो (आधी डेटाशीट बघा, काही कंपन्यांचा वेगळा असतो). तो काढून त्या जागी व्हेरिएबल रेझिस्टर लावा आणि हळूहळू फिरवा. ओहम वाढवला की मशिनला वाटतं खोली गार झाली, आणि कॉम्प्रेसर मंद होतो. तासभर सिद्धांत सांगून जे डोक्यात शिरत नाही ते इथे दोन मिनिटांत शिरतं.

आता हे सगळं तुम्ही शिकायचं कुठे? मार्च ते मे तुमच्या गावच्या सर्व्हिस सेंटरमध्ये माणसं कमी पडतात. प्राचार्यांना लेखी अर्ज करा की अभ्यासक्रमाच्या गरजेसाठी अमुक सेंटरवर काही दिवस जायचंय. पैसे घेऊ नका, सेवानियम आडवे येतात आणि शिकायच्या नादात नसती भानगड होते. दुसरी वाट म्हणजे पोरांचं ओजेटी, म्हणजे कंपनीतलं प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण. बरेच निदेशक तिथे हजेरीवर सही घेऊन परततात. तुम्ही मेकॅनिकबरोबर छतावर चढा. तिथला बावीस वर्षांचा मुलगा तुमच्यापेक्षा भराभर एरर कोड वाचत असेल, तर त्याच्याकडून शिकून घ्या. यात कमीपणा वाटत असेल तर या धंद्यात राहणं अवघड आहे.

आणि फक्त एसीत अडकू नका. नाशिक-पिंपळगावकडे द्राक्षांचं प्रीकूलिंग, तासगाव-सांगलीकडे बेदाण्याची शीतगृहं, पश्चिम महाराष्ट्रात गावोगावी बल्क मिल्क कूलर. यांतलं एखादं तरी तुमच्या जिल्ह्यात असेलच. मोठ्या शीतगृहांत बऱ्याच ठिकाणी अमोनिया असतो. अमोनियाचा प्लांट चालवणारा माणूस चार गोष्टी अशा सांगतो ज्या आपल्या अभ्यासक्रमात दोन ओळींत उरकलेल्या असतात. पोरांच्या नोकऱ्यांच्या दृष्टीनेही हे क्षेत्र दुर्लक्षित राहिलंय, हे माझं जुनं गाऱ्हाणं.

कोर्सचं आता भराभर. एनएसटीआयमध्ये (केंद्राच्या राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्थेत) नोकरीतल्या निदेशकांसाठी अल्पमुदतीचे वर्ग असतात. व्यवसाय शिक्षण संचालनालयाकडून नावं मागवली की तुमचं नाव पहिलं गेलं पाहिजे. केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयातल्या ओझोन सेलच्या एचसीएफसी हटवण्याच्या कार्यक्रमाखाली सर्व्हिस टेक्निशियनची प्रशिक्षणं झाली आहेत, जर्मनीच्या जीआयझेडसारख्या संस्थांच्या मदतीने. तुमच्या भागात वर्ग निघाला तर टेक्निशियनच्या रांगेत बसायला लाजू नका. इशरे या एसी-रेफ्रिजरेशन इंजिनिअरांच्या संघटनेच्या मुंबई-पुण्याच्या शाखांची व्याख्यानं डिझाईनकडे झुकलेली असतात, आपल्याला त्यातलं निम्मं लागतं, पण ओळखी होतात आणि त्या ओळखीतून कंपन्यांच्या ट्रेनिंग सेंटरची दारं उघडतात. भारत स्किल्स हे आयटीआयच्या अभ्याससाहित्याचं सरकारी पोर्टल वाचनापुरतं ठीक. व्हिडिओ बघून फ्लेअर मारता (जोडासाठी पाईपचं तोंड फाकवता) येत नाही, हे तुम्हीच पोरांना सांगत असाल.

राहिला वर्कशॉपचा प्रश्न. नव्या मशिनची मागणी पाठवून वर्षानुवर्षं वाट बघण्यापेक्षा छोटी यादी द्या: ग्रॅम दाखवणारा डिजिटल काटा, मायक्रॉन गेज, रेग्युलेटरसकट नायट्रोजनचं सिलिंडर (भरलेल्या सिलिंडरमध्ये दीडशे बारच्या आसपास दाब असतो, रेग्युलेटर नसेल तर हातही लावायचा नाही) आणि पाईपला लावायचे दोन क्लॅम्प थर्मामीटर. सुपरहीट आणि सबकूलिंग (गॅस त्या प्रेशरच्या उकळबिंदूहून किती गरम, द्रव किती गार) मोजायला नेहमीच्या गेजबरोबर हे थर्मामीटर पुरतात. इन्व्हर्टरच्या प्रयोगासाठी नवा एसी नको. भंगारवाल्याकडे किंवा सर्व्हिस सेंटरमध्ये जुना पण चालू स्थितीतला इन्व्हर्टर युनिट मिळतो. तो साठा नोंदवहीत चढवायला मात्र आधी भांडारपालाशी बोला.