मेगा पीसी घेतलाय? आधी झाकण उघडा

अभिनंदन! 1993 चा अ‍ॅमस्ट्रॅड मेगा पीसी म्हणजे एकाच डब्यात 386 प्रोसेसरचा संगणक आणि सेगाचा मेगा ड्राइव्ह हा गेम कन्सोल. पण लगेच प्लग लावू नका.

आधी मदरबोर्डावरची बॅटरी बघा. तिच्या टोकांना बुरशीसारखी हिरवट-पांढरी पूड दिसली, की ती फुटली समजा. आतला अल्कली द्राव तांब्याच्या रेषा खातो, आणि मशीन मरतं ते बहुतेक वेळा यामुळेच. बॅटरी कापून काढा, डाग पांढऱ्या व्हिनेगरने हलके पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करून पूर्ण वाळू द्या. अजून गळली नसेल तरी काढाच. फक्त त्याआधी मशीन चालू करून सेटअपमधले (मशीनच्या मूळ सेटिंगच्या पडद्यावरचे) हार्ड डिस्कचे आकडे (सिलिंडर, हेड, सेक्टर) वहीत उतरवा. बॅटरी गेली की ते पुसले जातात. तिच्या जागी नाण्यासारखा सीआर2032 सेल थेट जोडू नका. बोर्ड त्याला चार्ज करायला जातं, म्हणून मध्ये डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) हवाच.

नवख्यांची दुसरी फसगत मॉनिटरची. पीसीचं चित्र 31 किलोहर्ट्झवर येतं, गेमचं 15 वर. साध्या व्हीजीए (पीसीच्या) मॉनिटरवर डॉस, म्हणजे पीसीची जुनी कार्यप्रणाली, झकास दिसतं आणि गेमकडे वळलात की पडदा काळा. लोक आतलं गेमचं कार्डच बिघडलं समजतात! मूळ मॉनिटर दोन्ही झेलतो. मशीनसोबत मिळत असेल तर सोडू नका.

पुढचं सरकतं झाकण जपून हलवा. पीसी की गेम, हे त्यावरच ठरतं.

रॅम वाढवणं, साउंड कार्ड वगैरे नंतर बघू.