ते चार खाडे कुणाचे होते?

प्रश्न: मी बीड जिल्ह्यातली, वय 22. टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसला समाजकार्यात एम.ए.साठी माझी मुलाखत आहे. पुण्याच्या आत्येभावाने इंग्रजीत साठ प्रश्नोत्तरं पाठवलीत. पाठ करते, पण समोर कुणी बसलं की सगळं विसरते. आई-वडील ऊसतोडीला जातात. तो म्हणतो, ‘शेतकरी’ सांग. दहावीपासून टोळीच्या हिशोबाची वही माझ्याकडेच होती. एकदा मुकादमाने चार खाडे जास्त धरले होते, ते वहीमुळेच कळलं. पण त्या नादात माझा अभ्यास मागे पडला. आत्मविश्वास कसा आणू?

उत्तर: पोरी, तुझं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या चार खाड्यांपाशी अडले. पुढे काय झालं? मुकादमाने चूक कबूल केली का? कोणत्या कोयत्याचे, म्हणजे कोणत्या जोडप्याचे, खाडे होते? ते पैसे सुटले, की हंगाम संपून पट्टा पडल्यावर तसेच कर्ज म्हणून अंगावर फिरले? एवढी मोठी गोष्ट तू एका ओळीत उरकलीस आणि वर अभ्यास मागे पडल्याची खंत करतेस. खरं सांगते, मला राग आला.

अगं, तोच तुझा अभ्यास होता. ही संस्था 1936 साली मुंबईत नागपाड्याला सुरू झाली ती समाजकार्याची शाळा म्हणूनच. समाजकार्याच्या शिक्षणात वर्गाइतकंच क्षेत्रकार्य महत्त्वाचं: लोकांत जायचं, बघायचं आणि पाहिलेलं तारीखवार लिहून काढायचं. तू ते कोपीच्या झोपडीत बसून दहावीपासून करते आहेस.

खाडा म्हणजे मजुरी तर बुडतेच, वर दंड, हे मी तुला काय सांगू? खाडा पडू नये म्हणून बायका दुखणी अंगावर काढतात. तुमच्याच जिल्ह्यात गोष्ट गर्भपिशव्या काढण्यापर्यंत गेली आणि 2019 मध्ये सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. मुलाखत घेणाऱ्यांनी हे अहवालांत वाचलं असेल. ती वही लिहिणारी मुलगी त्यांच्यासमोर क्वचितच येत असेल.

आणि ‘शेतकरी’ म्हणालीस की पुढचा प्रश्न ठरलेला: किती एकर, कोणतं पीक? मग एक खोटं झाकायला दुसरं. आत्येभावाचा हेतू चांगला असेल, असू दे. ती साठ उत्तरं आजच बंद करून ठेव.

आज रात्री वहीतलं ते पान काढ आणि आईजवळ बस. ते चार दिवस कोण कामावर आलं होतं, मुकादम काय म्हणाला, तुझ्या हिशोबात कुठे चूक होती का, सगळं विचारून घे. मग तीच हकीगत आईला पाच मिनिटांत सांग. उद्या पुन्हा, परवा पुन्हा. ‘समाजकार्यच का?’ असं विचारलं की तिथूनच सुरुवात कर. इंग्रजी अडखळली तर अडखळू दे.

फक्त ते खाडे ज्यांचे होते, त्यांचं नाव तिथे सांगू नकोस.