फोन जवळ नसला की जीव थाऱ्यावर राहत नाही, हे व्यसन आहे का?

फोन घरी विसरला तर दिवसभर अस्वस्थ वाटतं, हे व्यसन समजायचं का आणि काय करायचं, असं तुम्ही विचारलंय. सरसकट व्यसन म्हणणं मला पटत नाही. घड्याळ, बँक, नकाशा, तिकिटं, घरच्यांचे नंबर, सगळं आपणच त्या एका वस्तूत नेऊन ठेवलंय, मग ती नसली की घाबरायला होणारच ना.

मागे माझा फोन तीन दिवस दुरुस्तीला होता. पहिल्याच संध्याकाळी ताईला कळवावं म्हणून शेजाऱ्यांचा फोन घेतला आणि तिचा नंबरच आठवेना, पहिले चार आकडे दाबले आणि पुढे सगळं कोरं. शाळेत असताना मित्रांचे लँडलाइन नंबर तोंडपाठ असायचे आणि आता सख्ख्या बहिणीचा येत नाही, फार वाईट वाटलं हो. त्यात फोन खिशात नसतानाही मांडीशी व्हायब्रेट झाल्यासारखं वाटायचं आणि हात तिकडे जायचा (हे खूप जणांना होतं, याला फँटम व्हायब्रेशन म्हणतात, तुम्हाला होत असेल तर घाबरू नका).

तिसऱ्या दिवशी एक गोष्ट लक्षात आली. ताईशी बोलावंसं वाटणं वेगळं आणि दर दहा मिनिटांनी काही आलंय का बघावंसं वाटणं वेगळं. पहिली माणसाची ओढ आहे, ती असू द्या. दुसरी बरीचशी लावलेली सवय आहे. स्किनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग केले होते, दाणा कितव्या टोचणीला मिळेल याचा नेम नसला की ती टोचतच राहायची. आपण स्क्रीन खाली ओढून रिफ्रेश करतो तेव्हा तेच चालतं, कधी काहीतरी येतं, बऱ्याचदा काहीच नसतं, पण पुढच्या वेळी असेल असं वाटत राहतं. आणि न संपणारं स्क्रोल २००६ मध्ये ज्यांनी तयार केलं त्या अझा रास्किन यांनीच नंतर त्याबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केलीय, तेव्हा सगळा दोष स्वतःच्या मनोनिग्रहाला देऊ नका.

२०१४ मध्ये व्हॉट्सॲपवर निळ्या टिक आल्या तेव्हापासून तर 'वाचलंस ना, मग उत्तर का नाही' हे ओझं वेगळंच. मला वाटतं आपल्याला सगळ्यात जास्त दमवतं ते हेच, कायम कुणालातरी उत्तर द्यायचं बाकी आहे असं वाटत राहणं. मी त्या टिक बंद केल्या, दोन दिवस एकदोघांनी विचारलं, नंतर कुणी विचारलं पण नाही.

बाकी फार काही केलं नाही. पाच जणांचे कॉल वाजतात, कारण आईबाबांना रात्री काही झालं तर मला कळायलाच हवं, यात मी तडजोड करणार नाही. बाकीच्या ॲप्सचे नोटिफिकेशन बंद. झोपताना फोन बाहेरच्या खोलीत, आवाज चालू ठेवून, आणि अलार्मला साधं घड्याळ आणलं, कारण अलार्म बंद करायला फोन हातात घेतला की अर्धा तास कुठे जायचा कळायचं नाही. महत्त्वाचे नंबर एका वहीत लिहिलेत आणि ती वही दाराजवळच्या कपाटात असते.

ताईचा नंबर मात्र पाठ केलाय. तिला लावताना आता नाव शोधत नाही, दहाही आकडे दाबतो.